मोळी बांधली म्हणून वेग दुप्पट होत नाही



कल्याणहून सुटलेली कसारा लोकल खर्डी मागे टाकते आणि कसारा येण्याआधी एका लहानशा स्थानकात थांबते. ते स्थानक उंबरमाळी. माझे घर तेथे आहे. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी मी रोज या गाडीने खाली उतरतो आणि संध्याकाळी हिनेच परत येतो. त्यामुळे रूळ, फाटे आणि खोळंबा या तीन विषयांवर विचार करायला मला पुष्कळ वेळ मिळतो. आजचा लेख संगणकाच्या तारांविषयी आहे; पण त्यात रूळ वारंवार येणार आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या पडवीत तीन जुने संगणक मांडलेले आहेत. शनिवारी-रविवारी आसपासच्या पाड्यांवरची आठवी ते दहावीची मुले तेथे येतात. गेली सहा-सात वर्षे या मुलांनी एक काम चालवले आहे. घरच्या आणि शेजारपाजारच्या वृद्ध माणसांकडून जात्यावरच्या ओव्या, आवणीची गाणी, रानभाज्यांची आणि झाडपाल्याची माहिती मुले ध्वनिमुद्रित करतात. काहींचे चित्रीकरणही करतात. हा सारा संग्रह आता सुमारे ४०० गिगाबाइट भरतो. ज्यांचा आवाज त्यात आहे अशा आजींपैकी दोघी आज हयात नाहीत. तेव्हा हा संग्रह पुसला गेला तर तो पुन्हा करता येण्याजोगा नाही, एवढे प्रथम ध्यानात घ्या.

हे सर्व एका जागी राहावे म्हणून मी एक साठवणपेटी आणली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नॅस’ म्हणतात. पेटीत दोन हार्ड डिस्क असतात. एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. पेटीपासून एक तार निघते आणि ती स्विचला मिळते. हा स्विच म्हणजे दिव्याचा खटका नव्हे; अनेक तारा जेथे एकत्र येतात आणि माहिती योग्य तारेवर वळवली जाते ते छोटे जंक्शनच समजा. तेथून एकेक तार एकेका संगणकाकडे जाते. या तारांची क्षमता सेकंदाला १,००० मेगाबिट असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १,००० ला ८ ने भागा. १२५ मेगाबाइट येतात. त्यातला काही भाग पत्ते आणि शिक्के यांत जातो आणि प्रत्यक्ष हाती सेकंदाला ११०-११२ मेगाबाइट पडतात.

माझ्या पेटीच्या पाठीमागे मात्र तारेसाठी एक नव्हे, दोन खाचा होत्या. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिले होते की दोन्ही खाचांत तारा जोडा, ‘लिंक अ‍ॅग्रिगेशन’ चालू करा, म्हणजे दोन तारा मिळून एकच दुवा होईल आणि क्षमता दुप्पट होईल. या प्रकाराला मी मोळी म्हणतो. दोन फाटी एकत्र बांधली की मोळी होते, तशी ही दोन तारांची मोळी. मोळी बांधल्यावर पेटीच्या पडद्यावर ‘२,००० मेगाबिट’ असा आकडा झळकला. मी खूश झालो. पडवीतल्या संगणकावर एक मोठी फाइल उतरवून पाहिली. वेग भरला ११२ मेगाबाइट. म्हणजे पूर्वी होता तेवढाच!

आता तुम्ही काय केले असते? मी काय केले ते सांगतो, आणि हे सांगताना मला थोडी लाज वाटते. मी दोन्ही तारा बदलल्या. पेटीतली मांडणी बदलली. स्विचमधली मांडणीही बदलली. पेटी बंद करून पुन्हा चालू केली. हे सर्व एका दमात आणि एकही ओळ वहीत न लिहिता. शेवटी वेग कधी ७०, कधी ९० असा लहरी येऊ लागला, म्हणजे पूर्वीपेक्षा वाईट. आणि कोणत्या बदलामुळे तसे झाले हे सांगण्याची सोय मी स्वतःच बंद करून टाकली होती. वर्गात मी मुलांना बजावतो की एका वेळी एकच राशी बदला, बाकीच्या स्थिर ठेवा. ते बजावणे लंबकापुरतेच होते की काय, असे त्या रात्री मला वाटले.

माझी मूळ चूक मात्र याच्या आधीची होती. मी मनात नळ धरून बसलो होतो. आमच्या शहापूर तालुक्यातून तानसा तलावाचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. (उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हा वेगळा विषय आहे आणि तो मी येथे काढत नाही.) एका नळाशेजारी तसाच दुसरा टाकला की टाकी निम्म्या वेळात भरते, यात शंका नाही. मग तारांच्या बाबतीत तसे का होऊ नये? कारण पाण्याला क्रम नसतो. कोणता थेंब आधी आला आणि कोणता मागून आला याची टाकीला पर्वा नसते. फाइलला असते.

संगणक फाइल अखंड पाठवत नाही. तिचे तुकडे करून एकेका पाकिटात घालतो. एका पाकिटात साधारणपणे १,५०० बाइट मावतात आणि १,००० मेगाबिटची तार तुडुंब वाहत असली तर अशी सुमारे ८१ हजार पाकिटे एका सेकंदात जातात. समजा, ही पाकिटे पत्त्यांसारखी वाटली, एक या तारेवर, पुढचे त्या तारेवर. दोन्ही तारांवरची गर्दी काही अगदी सारखी नसते. मग ७ क्रमांकाचे पाकीट ४ क्रमांकाच्या आधी पोचते. घेणारा संगणक निरोप धाडतो की ४ अजून आले नाही. पुढचे पाकीट येते, पुन्हा तोच निरोप. असा जादा निरोप तीनदा गेला की पाठवणारा समजतो, ४ वाटेत हरवले. तो ते पुन्हा पाठवतो, आणि वाटेत गर्दी झाली असेल असे मानून आपला वेगही कमी करतो. वास्तविक काहीच हरवलेले नसते. माझा वेग ७० वर घसरला तो याच कारणाने. घाईघाईत मी पेटीला नेमकी ही पत्तेवाटपाची पद्धत लावून बसलो होतो.

ज्यांनी या मोळीचे नियम ठरवले त्यांना हे ठाऊक होते. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने २००० साली यासाठी ८०२.३एडी नावाचे मानक काढले. २००८ साली ते ८०२.१एएक्स या नव्या नावाखाली गेले. त्यातली मुख्य अट अशी की दोन यंत्रांमधले एक संभाषण मोळीतल्या एकाच तारेवरून जावे, म्हणजे त्यातल्या पाकिटांचा क्रम बिघडणार नाही. दोन तारा असोत की आठ असोत, एका संभाषणाच्या वाट्याला एक तार. शिवाय माझ्या संगणकाकडून स्विचकडे जाणारी तार एकेरीच होती. पेटीकडून दोन तारांचा माल आला असता तरी तो शेवटच्या दहा फुटांत याच एका तारेतून जायचा होता! इतकी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही.

येथे नळ सोडून रुळांकडे या. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात तीन लोहमार्ग आहेत. घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली. चढ ३७ फुटांना १ फूट असा खडा आहे. आता मला सांगा, एकाऐवजी तीन मार्ग झाले म्हणून नाशिकला निघालेली गाडी घाट तिप्पट वेगाने चढेल काय? मुळीच नाही. गाडी एका वेळी एकाच रुळावर असते. डावी चाके एका मार्गावर आणि उजवी दुसऱ्या मार्गावर असे तिला जाता येत नाही. तीन मार्गांचा लाभ असा की अधिक गाड्या जातात, आणि एखाद्या मार्गावर दरड आली तर दुसऱ्याने काम चालू ठेवता येते. तारांच्या मोळीचाही लाभ नेमका एवढाच आहे. एकाच गाडीला अधिक जोर हवा असेल तर कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिने लावतात, ज्यांना बँकर म्हणतात. तेथे जोराची बेरीज होते, कारण ती इंजिने त्याच गाडीला जोडलेली असतात. मोळीतली दुसरी तार बँकर नव्हे. ती शेजारचा रूळ आहे.

तुमच्यापैकी एखादा जाणकार म्हणेल की फाइल पाठवण्याच्या काही नव्या पद्धती एकाच फाइलसाठी अनेक संभाषणे उघडतात आणि दोन्ही तारा वापरतात. खरे आहे. २०१२ पासून अशी सोय प्रचारात आली. पण तेथे फाइलची वाटणी वरच्या पातळीवर केलेली असते, तुकडे पुन्हा जुळवण्याची जबाबदारीही तेथेच घेतलेली असते, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन तारा लागतात. मोळी बांधल्याने ते आपोआप घडत नाही.

मी मांडणी पूर्ववत केली आणि पुढच्या शनिवारी आम्ही वही घेऊन बसलो. माझा पुतण्या म्हणाला, “काका, एका संगणकाने दुसऱ्या रुळाचा उपयोग दिसणार नाही, तर दोन संगणक एकदम लावू.” डिस्कचा वेग मध्ये येऊ नये म्हणून आम्ही फाइल न उतरवता केवळ तारेचा वेग मोजणारा ‘आयपर्फ’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरला. एकट्या संगणकाला ९४० मेगाबिट मिळाले. दोघांना एकदम लावले, तर प्रत्येकाला ४७०! दुसरी तार रिकामी पडून होती. पुन्हा मोळी बिघडली म्हणायची काय?

मुलांनी येथे एक गंमत शोधली आणि ती तुम्हीही कागदावर करून पाहू शकता. कोणते संभाषण कोणत्या तारेवर घालायचे हे पेटी कसे ठरवते? ती गर्दी पाहत नाही. तिच्याकडे एक ठरीव हिशेब असतो. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक जन्मक्रमांक असतो. त्यात बारा चिन्हे असतात, ० ते ९ आणि पुढे इंग्रजी ए ते एफ. ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असे करत एफ म्हणजे १५. तारा दोन असतील तर अगदी साध्या नियमात शेवटचे चिन्ह सम की विषम एवढ्यावर निकाल लागतो. पेटीचे आणि संगणकाचे शेवटचे चिन्ह दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तर एक तार. एक सम आणि एक विषम असेल तर दुसरी. आमच्या दोन्ही संगणकांचे क्रमांक समवर संपत होते. दोघेही एकाच रुळावर! तिसरा संगणक विषम निघाला. त्याला आणि पहिल्याला एकदम लावले, तेव्हा दोघांनाही प्रत्येकी ९४० मिळाले. त्या दिवशी पडवीत केवढा आरडाओरडा झाला!

आता हिशेब करा. जन्मक्रमांक आपण निवडत नाही, तो नाण्याच्या छाप-काट्यासारखा वाट्याला येतो. दोन संगणक एकाच तारेवर पडण्याची शक्यता निम्मी. तिन्ही एका तारेवर पडण्याची शक्यता एक चतुर्थांश, चारही पडण्याची एक अष्टमांश. म्हणजे ज्या घरात दोनच संगणक आहेत तेथे निम्म्या घरांत मोळी बांधूनही काही लाभ व्हायचा नाही, आणि जेथे तीस संगणक आहेत त्या शाळेत तिचा चांगला उपयोग होईल. नियम बदलून त्यात इतर आकडेही धरता येतात, मग वाटणी अधिक बरी होते. आणखी एक बारकावा. पेटीकडून बाहेर जाणाऱ्या पाकिटांचा रूळ पेटी ठरवते, पण पेटीकडे येणाऱ्यांचा रूळ स्विच ठरवतो. म्हणून फाइल उतरवताना दोन तारा आणि चढवताना एकच, असेही घडते. ज्याने दोन्ही दिशा वेगवेगळ्या मोजल्या नाहीत त्याला हे कधी कळायचे नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की ज्याला एकच मोठी फाइल लवकर हलवायची आहे त्याने मोळीच्या नादी लागू नये. एकच पण वेगवान तार घ्यावी. २०१६ साली २.५ आणि ५ गिगाबिटचे मानक निघाले ते साध्या तांब्याच्या तारांसाठीच आहे. पडद्यावर ‘२,०००’ असे लिहून येते ती रुळांच्या क्षमतेची बेरीज आहे. ते खोटे नाही. पण वाचणारा ती गाडीचा वेग समजणार, हे लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक असते, आणि म्हणून मला ते प्रामाणिकही वाटत नाही.

आता खरी कसोटी कशी लागली ते सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी पेटीने इशारा दिला की एका डिस्कवर वाचता न येणारे भाग वाढत आहेत. दुसरी डिस्क धडधाकट होती हे खरे. पण दोन्ही मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या. एकीचे वय झाले तर दुसरीचेही झाले असणार. ताबडतोब सारा संग्रह एका संगणकावर उतरवायला घेतला. तेवढ्यात वळीव आला आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर ही सारी यंत्रे सुमारे तीन तास चालतात. ४०० गिगाबाइट, सेकंदाला ११२ मेगाबाइट, तासाभराचे काम. पडद्यावर अंदाज आला: दहा तास. वेग होता ११ मेगाबाइट.

मोळीच! मला दुसरे काही सुचेना. मी मोळी सोडली, पुन्हा बांधली, पेटी दोनदा बंद करून चालू केली. आजारी डिस्क असताना पेटी बंद-चालू करणे किती धोक्याचे आहे हे मला माहीत होते, तरी केले. चाळीस मिनिटे गेली. वेग ११.

नववीतली एक मुलगी पाऊस थांबण्याची वाट पाहत पडवीतच बसली होती. ती म्हणाली, “सर, आधी ११२ यायचे आणि आता ११ येतात. बरोबर दहावा हिस्सा कसा?”

मी हातातले काम थांबवले. डिस्क आजारी असती तर वेग कधी ६०, कधी ५, असा अडखळला असता. मोळी सुटली असती तर एक तार तरी उरली असती आणि ११२ मिळाले असते. बरोबर दहावा हिस्सा हा बिघाडाचा आकडा दिसत नव्हता, तो नियमाचा आकडा होता. १,००० च्या खालची पायरी १०० मेगाबिट. १०० ला ८ ने भागा, १२.५, पत्ते-शिक्के वजा करा, ११. कोठेतरी एक तार १,००० वरून १०० वर उतरली होती. स्विचवर प्रत्येक खाचेशी एक बारीक दिवा असतो आणि आमच्या स्विचवर त्याचा रंग वेगाप्रमाणे बदलतो. पेटीच्या दोन्ही खाचांशी हिरवा दिवा होता. माझ्या संगणकाच्या खाचेशी पिवळा. ज्या मोळीवर माझा सारा संशय होता ती निर्दोष होती. दोष त्या शेवटच्या दहा फुटांच्या एकेरी तारेत होता, जिच्याकडे मी पाहिलेही नव्हते. शेजारच्या संगणकाची तार काढून लावली. दिवा हिरवा झाला, वेग ११२ वर गेला आणि इन्व्हर्टरमध्ये तासभर वीज शिल्लक असताना सारा संग्रह उतरला. आठ दिवसांनी ती डिस्क पूर्ण निकामी झाली.

या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १,००० मेगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादीत तार तुटली की बहुतेक यंत्रे तक्रार न करता खालच्या पायरीवर उतरतात आणि काम चालू ठेवतात. काम बंद पडले असते तर दोष लगेच सापडला असता. अर्धवट चालणारे यंत्र हे पूर्ण बंद पडलेल्या यंत्राहून अधिक फसवे असते.

येथे माझी खरी तक्रार आहे आणि ती माझ्याच व्यवसायाविषयी आहे. आम्ही शिक्षक तुम्हाला प्रयोगशाळेत नीट चालणारी उपकरणे मांडून देतो. लंबक टांगलेला, अ‍ॅमीटर तपासलेला, उत्तर आधीच ठाऊक. तुमचे उत्तर त्याच्या जवळ आले की गुण. ते दूर गेले तर तुमच्यापैकी काहीजण मागून पुढे आकडेमोड करून ते जवळ आणतात, हे आम्हाला कळत नाही असे समजू नका. पण ज्या मुलाला अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर थांबत नाही हे दिसले, त्याला गुण देण्याची जागा आमच्या गुणपत्रकात नाही. त्या मुलीने केले ते कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात बसवाल? तिला जाळ्यांविषयी काही माहिती नव्हती. तिने दोन आकड्यांचे गुणोत्तर पाहिले, बस्स. माझ्या मते प्रात्यक्षिक परीक्षेत दर वर्षी एक तरी उपकरण मुद्दाम बिघडवून ठेवावे आणि दोष कसा शोधला हे टप्प्याटप्प्याने लिहायला सांगावे. सापडला नाही तरी चालेल; एका वेळी एकच गोष्ट बदलली काय आणि प्रत्येक बदलाची नोंद केली काय, एवढ्यावर गुण द्यावेत. मी हे एका बैठकीत सुचवले, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की बाहेरच्या परीक्षकांना उपकरण बिघडलेले दिसले तर अब्रू आपली जाईल. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण आमची अब्रू सांभाळताना तुमचे शिक्षण राहून जाते.

मोळीचा जो दुसरा लाभ, एक तार गेली तरी काम चालू राहण्याचा, त्याविषयीही सांगायला हवे. कारण तेथेही मी एकदा फसलो होतो. मुलांसमोर मी ऐटीत एक तार उपटून दाखवली आणि फाइल उतरत राहिली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण आमच्या दोन्ही तारा एकाच प्लास्टिकच्या नळीतून जात होत्या, एकाच स्विचला मिळत होत्या, आणि पेटी व स्विच भिंतीतल्या एकाच प्लगवर होते. उंदराने ती नळी कुरतडली असती तर? २०२१ च्या जुलैत अतिवृष्टी झाली, तेव्हा आमच्या उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटाच्या उंचीपर्यंत चढले होते. कसारा घाटात दरडी आल्या आणि टिटवाळा ते इगतपुरी वाहतूक थांबली. शेजारी-शेजारी घातलेले रूळ एकाच पुराखाली जातात. रुळांची संख्या मोजताना ते एकाच पुराच्या वाटेत आहेत काय, हेही पाहावे लागते. आमच्या दोन डिस्क एकाच पेटीत होत्या, ही तीच गोष्ट. म्हणून संग्रहाची एक प्रत आता शहापुरात माझ्या बहिणीच्या कपाटात असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक मुलगा जाऊन ती बदलून आणतो. त्या प्रतीला एकही तार लागत नाही.

मोळी अजून बांधलेली आहे. शनिवारी तीन संगणक चालू असतात तेव्हा तिचा उपयोग होतो, आणि सम-विषमाचा खेळ नव्या मुलांना दाखवायला ती बरी पडते. ती खराब तार मी फेकली नाही. पडवीतल्या खुंटीवर टांगून ठेवली आहे. नवी मुले आली की त्यांच्या हाती ती तार, एक सेल, एक बल्ब आणि दोन टाचण्या देतो आणि आठांपैकी कोणती तुटली आहे ते विचारतो. मागच्या तुकडीला वीस मिनिटे लागली. सातवी तुटली आहे. पण हे तुम्ही उंबरमाळीला आलात तर त्यांना सांगू नका.